तास कसा?

आमच्या जिंतूर तालुक्यात एखाद्याने 'तास कसा?' असं विचारलं, तर तो वेळ विचारत नसतो. तो जेसीबीचा भाव विचारत असतो. शेततळं खोदायचं, बांध घालायचा, विहिरीतला गाळ काढायचा, घराचा पाया घ्यायचा, सगळं आता तासावर. शेतकरी बांधावर उभा राहून मनगटावरच्या घड्याळाकडे बघतो. ऑपरेटर स्टेअरिंगजवळच्या मीटरकडे बघतो. संध्याकाळी दोघांचे तास काही जुळत नाहीत. थोडी हुज्जत होते, चहा होतो, दोघेही थोडं मागे सरतात आणि पैसे मोजले जातात.

मी कवितेचा माणूस. गझलेच्या मात्रा मोजण्यापलीकडे मोजमापाशी माझा फारसा संबंध आला नव्हता. पण काही वर्षांपूर्वी आमच्या घरात एका मीटरवरच्या आकड्याने असा घोळ घातला, की मोजणं म्हणजे काय, आणि मोजणाऱ्याला मोजायचं कुणी, हा प्रश्न माझ्या मानेवर बसला तो अजून उतरलेला नाही. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. ती सुरू होते येलदरीपासून.

येलदरी म्हणजे धरण. पूर्णा नदीवरच्या या धरणाचं काम १९५८ साली सुरू झालं आणि १९६८ साली पूर्ण झालं. उंची सुमारे ५१ मीटर, लांबी चार किलोमीटरच्या वर, साठा ९३४ दशलक्ष घनमीटरच्या आसपास. पायथ्याला साडेसात मेगावॉटचे तीन संच असलेलं वीजघर. खाली सिद्धेश्वरचं धरण. दोन्ही मिळून झाला पूर्णा प्रकल्प. धरणामुळे जी वस्ती झाली तिला आजही लोक येलदरी कॅम्पच म्हणतात. माझे अब्बा विशीच्या आत इथे कामाला लागले. यंत्रांना ग्रीस भरायचं, तेल पाहायचं आणि ऑपरेटरच्या हाताखाली राहायचं, हे त्यांचं काम.

तो काळ मोजमापाच्या दृष्टीने मोठा गमतीचा होता. धरण सुरू झालं त्याच वर्षी, ऑक्टोबर १९५८ पासून, देशात मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्याने येऊ लागली होती. तोवर आमच्याकडे पायली, शेर, अधोली, मापटं, चिपटं. धान्य तोलायचं नाही, मापायचं. आणि मापताना खरा सवाल एकच, पायली शिगेची की सपाट? घेणारा शिगेची भरून घेई, देणारा हात फिरवून सपाट करून देई. माप तेच, पायली तीच, पण हात बदलला की धान्य बदले. 'मापात पाप' ही म्हण आपल्या बायाबापड्यांनी पुस्तकात वाचून शिकलेली नाही. ती मोंढ्यात धान्य घालताना त्यांच्या पदरात पडलेली आहे.

मातीचं मोजमापही असंच. मजुरांनी खड्डा किती खोल खणला हे नंतर कळायचं कसं? तर खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच सोडायचा. त्याच्या माथ्यावर मूळच्या जमिनीचं गवत राहू द्यायचं. मोजणारा आला की तो खांबाच्या उंचीवरून खोली काढी आणि मजुरी ठरे. तो खांब म्हणजे त्या कामाचा साक्षीदार. आता त्या खांबावर रात्रीतून चार बोटं माती थापून उंची वाढवणारेही निघत. म्हणून तर गवत बघायचं. गवत उपटून पुन्हा लावलेलं लगेच ओळखू येतं.

यंत्राला असा खांब सोडता येत नाही. यंत्र दिवसभर माती ढकलतं आणि संध्याकाळी जागच्या जागी उभं राहतं. आज ते किती राबलं हे त्याच्या अंगावर दिसत नाही. म्हणून त्याला मीटर बसवलं. गाडीला किलोमीटर, मशीनला तास. अब्बा जिथे जिथे यंत्रावर राहिले, तिथे प्रत्येक यंत्राचं एक लॉगबुक असे. सकाळी मीटरवरचा आकडा, संध्याकाळचा आकडा, डिझेल किती घातलं, काम किती झालं, आणि शेवटी दोन सह्या, एक चालवणाऱ्याची आणि एक पाहणाऱ्याची. अब्बांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण हे आकडे ते दागिने जपावे तसे जपत. मी एकदा विचारलं, एवढं काय लिहायचं? ते म्हणाले, "मशीन बोलती नहीं बेटा, इसलिए लिखना पडता है."

त्या लॉगबुकातली खुबी मला फार उशिरा कळली. तास, डिझेल आणि माती हे तीन आकडे एकमेकांवर पाळत ठेवून असत. तास वाढवून लिहिले तर डिझेल कमी पडे. डिझेल विकून खाल्लं तर माती कमी भरे. एका आकड्याला खोटं बोलायचं असेल तर बाकीच्या दोघांना आणि दोन सह्यांना फितवावं लागे. अशक्य नाही, पण अवघड.

मोजणी यंत्रावर सोपवण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये व्हिट्रुव्हियस नावाचा वास्तुकार होऊन गेला. त्याने रथाच्या चाकाला दातेरी चक्रं जोडून अंतर मोजायची युक्ती लिहून ठेवली आहे. दर मैलाला एक खडा भांड्यात पडायचा. संध्याकाळी खडे मोजले की प्रवास कळला. भांड्यातून दोन खडे उचलून फेकले तर? हा प्रश्न तेव्हाही कुणाला तरी पडलाच असेल. पुढे १८९५ च्या सुमारास अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात कर्टिस व्हीडर याने सायकलच्या चाकावर बसणारं छोटं मोजणीयंत्र काढलं. शून्य ते नऊ आकड्यांची चाकं शेजारी शेजारी, एक पूर्ण फिरलं की शेजारचं एक घर पुढे. त्याच जातीची आकडेचाकं पुढे पेट्रोल पंपांवर आली, मोटारीत आली, ट्रॅक्टरवर आली आणि मातीकामाच्या यंत्रांवरही आली.

इथे एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण बांधावरच्या हुज्जतीचं मूळ तिच्यात आहे. मीटरचा तास आणि घड्याळाचा तास एक नसतो. जुन्या ट्रॅक्टरचं मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतं. इंजिन ठरलेल्या वेगाने फिरलं तरच साठ मिनिटांचा तास भरतो. मंद फिरलं तर घड्याळात तास होऊन जातो आणि मीटरवर पाऊणच पडतो. विजेवर चालणारं मीटर याच्या उलट. कित्येक यंत्रांत किल्ली फिरवून ठेवली की ते मोजू लागतं, बकेट हलो वा न हलो. म्हणजे शेतकरीही खरा आणि ऑपरेटरही खरा. ही हुज्जत चहावर मिटते ती म्हणूनच. लबाडी तिच्या पलीकडे सुरू होते.

लबाडी जुनी आहे, तिच्यावरचा राग त्याहून जुना. कौटिल्याने मापांवर देखरेख करायला पौतवाध्यक्ष नेमायला सांगितला आणि दर चार महिन्यांनी वजनमापांवर शिक्का मारून घेण्याचा नियम घातला. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाचा तपस्वी ज्याच्याकडे धर्म शिकायला जातो तो तुलाधार कुणी ऋषी नाही, काशीतला वाणी आहे. सगळ्यांसाठी त्याचा तराजू सारखा, हीच त्याची तपश्चर्या. आणि कुराणाची त्र्याऐंशीवी सुरा मापात कसर काढणाऱ्यांच्या नावानेच ओळखली जाते. देण्याचं माप एक आणि घेण्याचं दुसरं ठेवणाऱ्यांना तिने खडसावलं आहे. लहानपणी ती पाठ करताना माझ्या डोळ्यांपुढे मोंढ्यातली पायली येई. आता मीटर येतं. कारण मशीनच्या धंद्यात अगदी हेच होतं. भाड्याने देताना मीटर पुढे धावतं आणि मशीन विकताना तेच मीटर मागे चालतं.

आता यंत्रं गावात कशी आली ते पाहू. धरणाच्या काळात ती सरकारची आणि मोठ्या ठेकेदारांची. आमच्याकडे मातीत बकेट घालणाऱ्या साखळीवाल्या यंत्राला 'पोकलेन' म्हणतात. ते मुळात पोक्लेन या फ्रेंच कंपनीचं नाव. जेसीबी हीसुद्धा जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाच्या नावाची आद्याक्षरं. भारतात ही कंपनी १९७९ साली हरियाणातल्या बल्लभगडला आली. पुढे नाव इतकं रुळलं, की कुठल्याही कंपनीचं पिवळं यंत्र दिसलं की पोरं 'जेसीबी आली' म्हणून पळत सुटतात. मग मराठवाड्यात दुष्काळामागून दुष्काळ आले. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान आलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. गावोगाव नाले खोल होऊ लागले, गाळ निघू लागला, शेततळी झाली. बहात्तरच्या दुष्काळात जे काम हजारो हातांनी घमेली वाहून केलं, ते आता यंत्र करू लागलं. ज्याच्याकडे मशीन त्याच्याकडे काम. नवं मशीन वीस लाखांच्या वर. म्हणून तरुण पोरं जुन्या मशीनच्या बाजाराकडे वळली.

माझा भाचा त्यांतलाच. बारावी झालेला, दुसऱ्याच्या मशीनवर चार वर्षं ऑपरेटर. २०१८ च्या उन्हाळ्यात एका मोठ्या शहराबाहेरच्या जुन्या मशीनच्या बाजारातून त्याने २०१४ सालचं मशीन घेतलं. तेरा लाखांना. नऊ लाखांचं कर्ज, थोडी साठवण आणि माझ्या बहिणीच्या बांगड्या. नवा रंग, नवी सीट, नवे टायर. आणि मीटरवर चार हजार एकशे तास. विकणारा म्हणाला, एकाच मालकाच्या हातातलं आहे, घरच्यासारखं वापरलंय. मशीन कॅम्पात आलं त्या दिवशी बहिणीने त्याच्या बकेटला हार घातला आणि गल्लीत शिरखुर्मा वाटला, ईद नसताना.

सात महिन्यांत हायड्रोलिकचा पंप गेला. तो दुरुस्त होतो न होतो तोच इंजिनाने धूर धरला. हप्ता महिन्याला ठरलेला आणि मशीन महिन्यातले पंधरा दिवस उभं. जिंतूरच्या मिस्त्रीने इंजिन उघडलं, मग गिअरबॉक्सचं तेल काढलं आणि आडोशाला बसलेला एक फिल्टर खोलून हातात घेतला. त्यावर चिखल आणि तेलाचा थर. फडक्याने पुसला, तर खाली पांढऱ्या रंगाने लिहिलेलं दिसलं. तारीख २०१७ ची, आणि पुढे ९६४०.

मिस्त्री लोक फिल्टर बदलला की कितव्या तासाला बदलला ते त्यावर लिहून ठेवतात, पुढच्या वेळी कळावं म्हणून. कुणा अनोळखी मिस्त्रीने आपलं काम नेमाने केलं होतं. नवा रंग देणाऱ्याची नजर तिथवर पोचली नव्हती. २०१७ सालीच ज्याने साडेनऊ हजारांवर तास काढले होते, ते मशीन २०१८ साली चार हजार एकशे तासांचं होऊन आमच्या दारात आलं होतं. भाचा खाली बसला. म्हणाला, "मामू, गवत उपटून लावलेलं मला ओळखू आलं नाही." आपल्या नानांची खांबाची गोष्ट त्यानेही लहानपणी ऐकलेली होती.

हे करतात कसं? जुन्या आकडेचाकांच्या मीटरला तर फारशी विद्याच लागत नाही. खोलायचं आणि चाकं फिरवायची, किंवा अख्खं मीटर काढून कमी आकड्याचं दुसरं बसवायचं. नव्या यंत्रांत तास इलेक्ट्रॉनिक स्मृतीत असतात. तिथे मीटरचा सगळा डबा बदलतात, नाहीतर संगणक जोडून आकडा नवा लिहितात. दहा हजार तास म्हणजे काय ते सांगतो. ताशी चाळीसच्या वेगाने ट्रक दहा हजार तास चालला तर चार लाख किलोमीटर होतात. चार लाख चाललेला ट्रक दीड लाखाचा म्हणून गळ्यात मारावा, तसं हे.

भाच्याला हे ओळखता आलं असतं का? थोडंफार, हो. मशीन कोणत्या साली बनलं ते कागदावर असतं, ते मागे फिरवता येत नाही. रोज आठ तास आणि वर्षात अडीचशे दिवस धरले तरी वर्षाला दोन हजार तास होतात. चार वर्षांच्या भाड्याच्या मशीनवर चार हजार दिसले की थांबायला हवं होतं. पेडलचं रबर किती घासलंय, लीव्हरची मूठ किती गुळगुळीत झालीय, बकेट उचलून हलवली तर पिन-बुश किती खडखडतात, हे पाहायला हवं होतं. तेलबदलाच्या पावत्या मागायला हव्या होत्या. पण नवी सीट, नवा रंग आणि डोळ्यांत स्वप्न असलं की माणूस मीटरच पाहतो, कारण त्याला तेच खरं व्हायला हवं असतं.

मग आम्ही कायद्याकडे वळलो. फसवणूक हा गुन्हा आहेच. तेव्हा भारतीय दंड संहितेचं ४२० कलम होतं, जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं ३१८ आलं आहे. पण सिद्ध काय करायचं? मीटर विकणाऱ्याने फिरवलं, की त्याच्या आधीच्याने, की दलालाने? पावतीवर तर 'आहे त्या स्थितीत' असे शब्द होते. ग्राहक न्यायालयात जावं, तर वकील म्हणाले, व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूचा घेणारा कायद्याने ग्राहक ठरत नाही. मात्र त्याच कायद्यात एक दार उघडं आहे. स्वयंरोजगारातून केवळ आपलं पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल, तर तो ग्राहकच. भाचा स्वतः मशीन चालवत होता, म्हणजे दार उघडं होतं. पण दारापर्यंत जायला तारखा, गाडीभाडं आणि वकिलाची फी लागते, आणि हप्ता चुकला की कंपनीचा माणूस घरी येतो. तो गेला नाही. किती जण जात असतील?

अमेरिकेने १९७२ साली मोटारीचं किलोमीटर-मीटर मागे फिरवण्याविरुद्ध खास कायदा केला, पण तो रस्त्यावरच्या वाहनांपुरता. आपल्याकडे तराजू, पेट्रोल पंप, टॅक्सीचं मीटर यांची तपासणी वैधमापन विभाग करतो आणि शिक्का मारतो. मशीनच्या मीटरवर असा शिक्का मी तरी कुठे पाहिलेला नाही.

आता नव्या यंत्रांतून तासांची नोंद मोबाइलच्या जाळ्यावरून थेट कंपनीच्या संगणकाकडे जाते. हे चांगलंच आहे. पण यंत्र सुधारलं म्हणून लबाडी संपते असं मला वाटत नाही. २०१७ साली ठाणे पोलिसांनी राज्यातल्या पेट्रोल पंपांवर छापे घातले तेव्हा पंपांच्या आत बसवलेल्या चिप सापडल्या होत्या. बाहेर आकडा बरोबर, टाकीत पेट्रोल कमी. यंत्र इलेक्ट्रॉनिक होतं, शिक्का होता, तरी झालं. नव्या सोयीतही फरक पडतो तो याने, की नोंद विकणाऱ्याच्या हातात राहत नाही. पौतवाध्यक्षाचा शिक्का, खांबावरचं गवत, लॉगबुकातली दुसरी सही आणि फिल्टरवरचा तो पांढरा आकडा, यांत सारखं हेच आहे. ज्याला फायदा व्हायचा त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाचा तरी हात तिथे लागलेला आहे.

आणखी एक गोष्ट मला टोचते. मीटर मागे फिरवून साडेपाच हजारांवर तास पुसले गेले. त्या तासांत कुणीतरी त्या सीटवर बसलेलं होतं. कुठल्या तरी कामावर दोन पाळ्यांत, मेच्या उन्हात, रात्रीच्या दिव्यात. त्याची कंबर गेली असेल, कानांत घरघर बसली असेल. त्याच्या घामाची लेखी नोंद म्हणाल तर तेवढीच होती, मीटरवर. कुणीतरी ती काढून टाकली आणि वर नवी सीट बसवली. अब्बा असते तर त्यांना पैशांपेक्षा याचाच राग आला असता.

पुढे करोनाची वर्षं गेली. कर्ज कसंबसं फिटलं. २०२२ साली भाच्याने मशीन विकायला काढलं. एक दलाल घरी आला. चहा पिता पिता म्हणाला, आकडा पाच हजारांवर आणून देतो, खर्च काही फार नाही, किंमत दीड लाखाने वाढेल. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नको. तो उसळून म्हणाला, "मामू, मला कुणी सांगितलं होतं का? ज्याने मला फसवलं त्यालाही आधी कुणीतरी फसवलंच असेल." माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. बांगड्या माझ्या बायकोच्या नव्हत्या. दीड लाख माझे जाणार नव्हते. मी गप्प बसलो. तो गाडीला किक मारून निघून गेला.

चार दिवसांनी सेनगावकडचा एक गिऱ्हाईक मशीन पाहायला आला. तिशीचा, सोबत म्हातारे वडील. भाच्याने मशीन सुरू करून दाखवलं. मग शेडमध्ये गेला आणि खिळ्याला टांगलेला तो फिल्टर घेऊन आला. फेकलेला नव्हता त्याने. गिऱ्हाइकाच्या हातात दिला आणि म्हणाला, मीटर बघू नका, हे बघा. यात पुढचे माझे तास मिळवा. पावतीवरही त्याने तसंच लिहून दिलं. व्यवहार झाला, पण दीड लाखाने खालीच झाला. जाताना म्हाताऱ्याने फिल्टर मागून घेतला, फडक्यात गुंडाळला आणि आपल्या पिशवीत ठेवला.

भाचा आता पुन्हा दुसऱ्याच्या मशीनवर ऑपरेटर आहे. सीटमागे एक वही ठेवतो. सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा, डिझेल, काम, आणि ज्याच्या शेतात काम झालं त्याची सही. काही लोक हसतात, काही सही करतात, काही अंगठा उठवतात. माझ्या बहिणीच्या बांगड्या अजून सुटायच्या आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)